विश्लेषण : लेक की सून? बारामती-इंदापूरच्या राजकारणात स्त्रीवाद नेमका कुठे आहे?

दोन प्रमुख उमेदवार आणि दोन्ही महिला. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघात सर्वाधिक चर्चा झाली ती ‘लेक की सून’ या प्रश्नाची. जाहीरनाम्यांत महिला आहेत, योजनांच्या नावांत आहेत, चौकाचौकांतील फ्लेक्सवरही आहेत. यालाच स्त्रीवाद म्हणायचे का? एखादा राजकीय पक्ष स्त्रीवादी असू शकतो का? आणि बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात राबणाऱ्या बाईच्या पदरात यातून काय पडते?

२०२४ मध्ये बारामतीत काय घडले?

बारामती लोकसभा मतदारसंघात बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यानंतर येथे शरद पवार गटाकडून सुप्रिया सुळे आणि अजित पवार गटाकडून सुनेत्रा पवार अशी नणंद-भावजय लढत झाली. ‘आतापर्यंत साहेबांना, मला आणि ताईंना निवडून दिलेत, आता सुनेला निवडून द्या,’ अशा आशयाचे आवाहन अजित पवार यांनी केले. त्यावर ‘मूळ पवार’ आणि ‘बाहेरून आलेले पवार’ यांत फरक असल्याचे विधान शरद पवार यांनी केले आणि वादळ उठले. आपल्या विधानाचा विपर्यास झाल्याचे त्यांनी नंतर स्पष्ट केले. पण तोवर गावोगावच्या पारावर ‘सून परकी असते का?’ हा प्रश्न पोहोचला होता.

निकालात सुळे यांना ७ लाख ३२ हजार ३१२, तर सुनेत्रा पवार यांना ५ लाख ७३ हजार ९७९ मते मिळाली. पुढे जूनमध्ये सुनेत्रा पवार राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. पत्नीला बहिणीविरुद्ध उभे करणे ही चूक होती, असे अजित पवार यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले.

या साऱ्या वादात एक गोष्ट निसटली. सुळे २००६ पासून संसदेत आहेत. सुनेत्रा पवार यांनी बारामती हायटेक टेक्स्टाइल पार्कचे अध्यक्षपद सांभाळले आहे. दोघींच्या कामाची तुलना होऊ शकली असती. प्रत्यक्षात मोजले गेले ते नाते. दोन पुरुष उमेदवारांबाबत ‘मुलगा की जावई’ यावर संपूर्ण प्रचार फिरला असता का? स्त्रीवाद समजून घेण्याची सुरुवात याच प्रश्नापासून करता येते.

स्त्रीवाद म्हणजे काय आणि काय नाही?

बाईला माणूस म्हणून मोजणे, हा स्त्रीवादाचा गाभा. ती कोणाची आई, बहीण, लेक किंवा सून असेलही, पण तिचा मान, तिचा हक्क आणि तिची संधी त्या नात्यावर अवलंबून असू नये, एवढाच त्याचा आग्रह आहे. पुरुषांचा द्वेष, घरे मोडणे, परंपरा नाकारणे असे त्याचे चित्र अनेकदा रंगवले जाते. ते चुकीचे आहे. कुटुंबात आणि समाजात जे ठरते, ते ठरवताना बाईचे मत धरले जाते की नाही, हा स्त्रीवादाचा प्रश्न आहे.

तो परदेशातून आयात झालेला नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना एक नीती आणि बायकांना दुसरी का, असा थेट जाब विचारला. त्या वेळी आजच्या राजकीय पक्षांपैकी एकाचाही जन्म झाला नव्हता. काँग्रेसची स्थापनाही त्यानंतर तीन वर्षांनी झाली. स्त्रीवाद कोणत्याही एका पक्षाची मालमत्ता ठरत नाही, याचे हे पहिले कारण.

मग पक्षांचा संबंध कुठे येतो?

हक्क कायद्याने मिळतो, कायदा सभागृहात होतो आणि सभागृहात पक्ष बसतात. त्यामुळे पक्षांना टाळून स्त्रीवादाला पुढे जाता येत नाही. मात्र इतिहास पाहिला तर एक गोष्ट वारंवार दिसते. मागणी बाहेरून येते, पक्ष ती उशिरा उचलतात आणि उचलताना थोडी छाटतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिल मांडले, तेव्हा विरोध सत्ताधारी काँग्रेसमधूनही झाला. विधेयक रखडले. १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागील एक प्रमुख कारण हेच होते. पुढे १९५५-५६ मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले, पण वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला नाही.

१९७०च्या दशकात महागाईविरोधात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी लाटणे मोर्चे काढले. एक समाजवादी, दुसऱ्या मार्क्सवादी. पक्ष वेगळे होते, पण तेल-रॉकेलच्या प्रश्नावर दोघी एकत्र आल्या. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवड येथे महिलांचे अधिवेशन भरवले. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारी संघटना आणि डाव्या विचारांच्या नेत्या या दोन टोकांनाही स्त्रीचा प्रश्न आपापल्या वाटेने भेटला.

बारामतीचाही यात वाटा आहे. शरद पवार यांच्या मातोश्री शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या.  शरद पवार मुख्यमंत्री असताना २२ जून १९९४ रोजी राज्याचे महिला धोरण जाहीर झाले. असे धोरण आणणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी राज्याची दुरुस्तीही त्याच वर्षीची. देशपातळीवर तो हक्क २००५ मध्ये आला. महिला धोरण आणणाऱ्या नेत्याच्याच मतदारसंघात तीस वर्षांनी ‘बाहेरून आलेले’ या शब्दांवर निवडणूक गाजावी, यात पक्ष आणि स्त्रीवाद यांच्या नात्यातली गुंतागुंत दिसते. धोरण बदलते, पण बोलण्याची सवय बदलायला वेळ लागतो.

प्रत्येक पक्ष महिलांकडे कसा पाहतो?

ढोबळमानाने तीन दृष्टिकोन दिसतात. डावे पक्ष स्त्रीचा प्रश्न मजुरी आणि वर्गाशी जोडतात. त्यामुळे कष्टकरी बाई दिसते, पण घरातील पुरुषी सत्तेचा मुद्दा कधी कधी मागे पडतो. भाजपसारखे पक्ष ‘नारीशक्ती’ आणि मातृत्वाची भाषा वापरतात. त्यात गौरव भरपूर असतो, पण गौरव आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या परंपरेत कायदे आणि आरक्षण यांवर भर असतो, पण तिकीट वाटपात घराण्याची मर्यादा ओलांडणे त्यांना जड जाते. अर्थात, घराणेशाही आता कोणत्याही एका पक्षाची मक्तेदारी राहिलेली नाही.

सर्व पक्षांत समान असलेली एक रचना म्हणजे महिला आघाडी. मोर्चाला गर्दी, हळदी-कुंकवाचे कार्यक्रम आणि विरोधी नेत्याच्या वक्तव्याचा निषेध ही कामे तिच्याकडे असतात. उमेदवारी ठरवणाऱ्या बैठकीत मात्र तिचा आवाज क्षीण असतो. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ मध्ये लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. २०१९ मध्ये हा आकडा ७८ होता. त्याच वर्षी निवडून आलेल्या महाराष्ट्र विधानसभेत महिलांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहिले. इंदापूरचेच उदाहरण घेतले तर १९९५ ते २०२४ या काळातील विधानसभा निवडणुकांत हर्षवर्धन पाटील आणि दत्तात्रय भरणे हे दोनच चेहरे विजयी झाले. या काळात पक्ष बदलले, आघाड्या बदलल्या. २०२४ च्या प्रमुख लढतीतही सगळे उमेदवार पुरुषच होते.

आरक्षणाने किती फरक पडला?

मोठा फरक पडला, पण तो गावपातळीवर. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. त्यामुळे बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आज महिला सरपंच ही नवलाईची बाब राहिलेली नाही.

‘सरपंच पती’ हा शब्दही त्यासोबतच रूढ झाला. बाई खुर्चीवर, कारभार नवऱ्याकडे, ही तक्रार खरी आहे. पण त्यावरून ‘बायकांना जमत नाही’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. अनेक ठिकाणी पहिल्या कार्यकाळात नवऱ्यामागे उभी राहणारी महिला हळूहळू ग्रामसेवकाशी स्वतः बोलू लागते आणि निधीचा हिशेब विचारू लागते. तिने कारभार हातात घेतला की विरोधही वाढतो. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचाला अपात्र ठरवल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२४ मध्ये न्यायालयाने तिला पदावर पुन्हा बसवताना, गावाला महिला सरपंच आहे हे स्वीकारताच आले नाही, याकडे लक्ष वेधले.

संसद आणि विधानसभेतील एक तृतीयांश आरक्षणाचे विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये मांडले गेले. मंजूर व्हायला २०२३ उजाडले. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असा कौल मिळाला. सर्वच पक्षांचा एवढा पाठिंबा होता, तर २७ वर्षे का लागली? आणि मंजूर करतानाही जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेनंतरच अंमल, अशी अट का? शिवाय पक्षांना कायद्याची वाट पाहण्याची गरजच नव्हती. आपल्या यादीत एक तृतीयांश महिलांना उमेदवारी देण्यापासून त्यांना कोणी अडवले नव्हते.

‘लाडकी बहीण’ हा स्त्रीवाद आहे का?

जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वर्षे वयोगटातील पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये मिळू लागले. विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी महायुतीने २१०० रुपयांचे, तर महाविकास आघाडीने ३००० रुपयांचे आश्वासन दिले. टीकाकारांनी तिला ‘रेवडी’ म्हटले.

ही टीका एकांगी आहे. बाईच्या स्वतःच्या खात्यावर येणारे पैसे तिला औषधासाठी, मुलीच्या एसटी पाससाठी किंवा बचत गटाच्या हप्त्यासाठी कोणापुढे हात पसरायला लावत नाहीत. शेतात आणि घरात ती जे काम करते, त्याची मजुरी कोणीच धरत नाही. त्या तुलनेत १५०० रुपये ही काही खैरात नव्हे.

अडचण योजनेच्या नावापासून सुरू होते. बहिणीला भाऊ देतो ती ओवाळणी. तिची रक्कम आणि वेळ देणारा ठरवतो. हक्क मात्र नागरिकाला असतो आणि तो मागता येतो. २०२५ मध्ये या योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचे आधारही मागितले गेले, तेव्हा हा फरक ठळक झाला. विधवा, परित्यक्ता आणि एकट्या महिलांची पंचाईत झाली आणि सरकारला नियमांत सवलत द्यावी लागली. उत्पन्नाची अट पूर्ण कुटुंबाची असल्याने ही पडताळणी आवश्यक असल्याचा प्रशासनाचा युक्तिवाद होता. पण बाईची ओळख अजूनही एका पुरुषाच्या कागदाला जोडलेली आहे, हेच त्यातून दिसले. विशेष म्हणजे त्याआधी वर्षभर, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा स्तुत्य निर्णय राज्यानेच घेतला होता. मंत्र्यांच्या दालनांबाहेरील पाट्यांवरही आईचे नाव आले. पाटीवर आईचे नाव आणि अर्जावर पतीचे आधार, अशी ही विसंगती आहे.

खरी कसोटी कुठे लागते?

बारामती-इंदापूरच्या अर्थकारणाचा कणा म्हणजे सहकारी साखर कारखाने. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी आणि नीरा-भीमा. उसाचा दर, कर्मचारी भरती, ऊसतोडीचा कार्यक्रम आणि पर्यायाने तालुक्याचे राजकारण इथे ठरते. ग्रामपंचायतीत महिलांना निम्म्या जागा आहेत. राज्याच्या सहकार कायद्यानुसार संचालक मंडळात महिलांसाठी राखीव जागा आहेत फक्त दोन. मंडळ २१ जणांचे असले तरी दोनच. सर्वसाधारण गटातून महिलांना उभे करण्यास बंदी नाही, पण पॅनेल ठरवताना ते किती वेळा सुचते, हे सभासदांना माहीत आहे.

यामागे आणखी एक अडसर आहे. ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर शेत नावावर हवे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाटदारांत महिलांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. पाणी धरायला, खुरपायला, लागणीला बाई असते. सातबारावर ती नसते. कायद्याने मुलीला समान हिस्सा दिला, पण गावाने त्यावर तोडगा शोधला : हक्कसोडपत्र. वडील गेले की वारस नोंदीच्या वेळी बहिणींना तलाठी कार्यालयात किंवा निबंधकाकडे बोलावले जाते आणि त्या सही करतात. नाही केली, तर माहेर तुटते. सही केलेली ती चांगली बहीण, हिस्सा मागणारी ती लोभी, असा हा हिशेब आहे. बहिणीच्या नावाने योजना काढणारा एकही प्रमुख पक्ष या हक्कसोडीवर निवडणुकीत बोलत नाही. कारण त्या सहीचा लाभार्थी असलेला भाऊही मतदार आहे आणि बहुतेकदा तोच बूथ सांभाळणारा कार्यकर्ताही आहे.

ऊसतोड महिला कोणाच्या मतदार?

गळीत हंगामात या कारखान्यांच्या परिसरात बीड आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती सहसा पुरुषाच्या नावावर, फेडतात मात्र दोघे. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावरून ट्रॅक्टरमध्ये भरणे आणि कोपीवर परतल्यावर चूल. कामावर खाडा झाला तर पैसे कापले जातात, मग तो आजारपणामुळे असो वा मासिक पाळीमुळे.

बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ही महिला मतदान करते बीडमध्ये आणि घाम गाळते बारामती-इंदापुरात. कारखाना म्हणतो, ती मुकादमाची माणसे. इथला नेता म्हणतो, त्या आमच्या मतदार नाहीत. तिथला नेता म्हणतो, कारखाना आमच्या हद्दीत नाही. ज्या बाईचे मत आपल्या पेटीत पडणार नाही, तिच्यासाठी पक्ष काय करतो, यावरून त्याच्या स्त्रीवादाची खरी खोली कळते. फडावर शौचालय, कोपीजवळ पाणी, पाळीच्या दिवसांत दंडाविना सुटी आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यावर, या मागण्या फार मोठ्या नाहीत.

घराण्यातून आलेली महिला नेता चालेल का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर साधे आहे. घराण्याचा आधार घेऊन पुरुष येतो तेव्हा तो ‘वारसदार’ ठरतो, बाई आली की ‘बाहुली’. हा दुजाभाव चुकीचा आहे. घराण्यातून आलेली महिलाही उत्तम काम करू शकते आणि तिला तिच्या कामावरच जोखले पाहिजे. बारामती लोकसभेत २००९ मध्ये भाजपच्या कांता नलावडे, २०१९ मध्ये कांचन कुल आणि २०२४ मध्ये सुनेत्रा पवार या सुळे यांच्या प्रतिस्पर्धी होत्या. महिलांच्या लढती इथे नव्या नाहीत.

पण दार फक्त घराण्यातील महिलांसाठीच उघडत असेल, तर तो अधिकाराचा विस्तार होत नाही, घराण्याचा होतो. दहा वर्षे बचत गट चालवणारी, दोनदा सरपंच झालेली, आशा सेविका म्हणून प्रत्येक उंबरा ओळखणारी महिला जिल्हा परिषदेनंतर कुठे जाते? तिचे आरक्षण फिरले की तिची वाट संपते. तिला खुल्या जागेवर उमेदवारी देणारा पक्ष विरळाच.

मतदारांनी काय विचारावे?

कोणताही पक्ष संपूर्ण स्त्रीवादी नाही आणि कोणताही पक्ष पूर्णपणे स्त्रीविरोधीही नाही. महिलांनी अमुक एका पक्षालाच मत द्यावे, असे स्त्रीवाद सांगत नाही. तो मोजपट्टी देतो, आणि ती आपल्या आवडत्या पक्षालाही लावावी लागते.

बारामती-इंदापुरात ही मोजपट्टी पाच प्रश्नांत मावते. विधानसभेच्या खुल्या जागांवर तुमच्या पक्षाने किती महिला दिल्या? कारखान्याच्या पॅनेलमध्ये राखीव दोन जागांपलीकडे किती? हक्कसोडपत्राच्या दबावाविरुद्ध तुमचा नेता गावात उभे राहून बोलेल का? फडावरच्या बाईला पाणी, शौचालय आणि स्वतःची मजुरी केव्हा मिळणार? आणि योजनेचा अर्ज भरताना तिला नवऱ्याच्या कागदाविना नागरिक म्हणून ओळखाल का?

पुढच्या निवडणुकीत ‘ताई’, ‘वहिनी’, ‘माई’ अशा हाका पुन्हा ऐकू येतील. त्या हाकांत आपुलकी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र आपुलकीने हाक मारणाऱ्याकडे सातबाऱ्याचा उतारा मागून पाहावा. त्यावर घरातल्या बाईचे नाव आहे का, एवढे बघितले तरी बरेचसे उत्तर मिळते.